पदवी कोण देते आणि शिकवते कोण

बारावीचा निकाल लागला की ओळखीपाळखीची माणसे मुलामुलींना बरोबर घेऊन घरी येऊ लागतात, चहा होतो, गुणपत्रिकेची झेरॉक्स प्रत पुढे सरकवली जाते आणि मग, बराच वेळ मनात घोळवलेला असावा अशा स्वरात, एक प्रश्न विचारला जातो: “सर, हिला कोणत्या विद्यापीठात घालावं?” उभी हयात महाविद्यालयात शिकवण्यात गेल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ तयार असेल अशी त्यांची समजूत असते, आणि ती रास्तही आहे, परंतु उत्तर देण्यापूर्वी मला त्या प्रश्नाचीच मांडणी थोडी बदलून घ्यावी लागते, कारण आपल्या महाराष्ट्रात विद्यापीठ आणि अध्यापन या दोन गोष्टी एकाच छपराखाली नांदतात असे गृहीत धरता येत नाही. पदवीच्या कागदावर ज्या संस्थेची मोहोर असते तिने त्या विद्यार्थ्याला एक तासही शिकवलेले नसते, हीच आपल्याकडील सर्वसाधारण स्थिती होय. आणि ती तशी का झाली हे ध्यानात घेतल्यावाचून अर्ज कोठे करावा याचा निर्णय डोळसपणे करता येत नाही.

या स्थितीचे मूळ १८५४ सालच्या वुडच्या खलित्यात आहे. हिंदुस्थानातील शिक्षणाची दिशा ठरवणाऱ्या त्या खलित्यात विद्यापीठांची जी कल्पना मांडली होती ती ऑक्सफर्ड-केंब्रिजसारख्या, गुरुशिष्यांनी एकत्र राहून ज्ञानोपासना करण्याच्या स्थानांची नव्हती, तर १८३६ मध्ये सनद मिळालेल्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरची, म्हणजे निरनिराळ्या महाविद्यालयांत शिकलेल्या उमेदवारांची परीक्षा घेऊन त्यांना पदव्या देणाऱ्या मंडळाची होती. त्यानुसार १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे तीन विद्यापीठे स्थापन झाली. मुंबईचा कायदा १८ जुलै १८५७ चा. पाच वर्षांनी, १८६२ साली, मुंबई विद्यापीठाची बी. ए. ही पदवी ज्या पहिल्या चौघांना मिळाली ते महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे होते. आणि ही मंडळी ज्या ज्ञानाच्या बळावर पुढे नावारूपास आली ते त्यांना विद्यापीठाने नव्हे, तर एल्फिन्स्टनसारख्या संस्थांतील अध्यापकांनी दिले होते. विद्यापीठांनी स्वतः शिकवावे यासाठी कायद्याने वाट मोकळी झाली ती १९०४ मध्ये, आणि मुंबईत तिचा लाभ प्रत्यक्षात घेतला जाऊन पदव्युत्तर विभाग उभे राहू लागले ते आणखी काही वर्षांनी. समाजशास्त्राचा विभाग, ज्याकडे मला पुढे वळावयाचे आहे, पॅट्रिक गेडिस यांच्या हाती १९१९ मध्ये सुरू झाला.

पुढे विद्यापीठे वाढत गेली: १९१६ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी महिलांसाठी स्थापलेले, १९२३ चे नागपूरचे, १९४९ चे पुण्याचे, १९५८ चे मराठवाड्याचे, १९६२ चे कोल्हापूरचे, आणि त्यानंतर अमरावती, जळगाव, नांदेड, सोलापूर, गडचिरोली. परंतु त्या जुन्या साच्याचा ठसा पुसला गेला नाही. विद्यापीठाच्या आवारातील विभाग मुख्यतः एम. ए., एम. एस्सी. व संशोधन यांसाठी राहिले, आणि बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी. यांचे अध्यापन शेकडो संलग्न महाविद्यालयांवर सोपवले गेले. एकाच विद्यापीठाच्या एकाच पदवीखाली एखादे उत्तम ग्रंथालय असलेले, शंभर वर्षांच्या अध्यापनाची परंपरा असलेले महाविद्यालय असते, आणि त्याच पदवीखाली चार वर्गखोल्या व एक कार्यालय एवढ्याच भांडवलावर चाललेलेही असते. यास्तव “पुण्याचे विद्यापीठ चांगले की मुंबईचे” हा वाद, निदान पहिल्या पदवीपुरता, बव्हंशी निष्फळ आहे असे मी प्रांजळपणे सांगतो.

वैद्यकीय शिक्षणाकडे पाहिले म्हणजे हे अधिकच स्पष्ट होते. १९९८ मध्ये नाशिक येथे आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यापासून राज्यातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालये त्याच एका विद्यापीठाच्या छत्राखाली आली, परीक्षा एक झाली, पदवी एक झाली. मग मुंबईच्या १८४५ सालच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि नुकत्याच सुरू झालेल्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयात अंतर कशाचे? रुग्णालयाचे. जे. जे. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एका सकाळी जितक्या प्रकारची दुखणी विद्यार्थ्याच्या नजरेखालून जातात तितकी, जेथे अर्धे वॉर्ड रिकामे असतात अशा ठिकाणी, सहा महिन्यांतही जाणार नाहीत. आणि रोग ओळखण्याची नजर ही पाहूनच येते, हे कोणताही बुजुर्ग डॉक्टर सांगेल. तेव्हा वैद्यकाच्या उमेदवाराने विद्यापीठाची चौकशी न करता खाटा किती, त्यांपैकी भरलेल्या किती आणि विद्यार्थ्याला रुग्णापर्यंत जाऊ देतात की नाही, याची खातरजमा करावी.

संस्थांच्या नावांमागे कायद्याने कोणता दर्जा दडलेला असतो हेही थोडक्यात पाहिले पाहिजे. संलग्न महाविद्यालय अभ्यासक्रम व परीक्षा या दोन्ही बाबतींत विद्यापीठाचे अंकित असते. स्वायत्त महाविद्यालय, मुंबईचे सेंट झेवियर्स किंवा पुण्याचे फर्ग्युसन ही त्याची परिचित उदाहरणे, अभ्यासक्रम स्वतः आखते आणि परीक्षा स्वतः घेते, मात्र पदवी विद्यापीठाचीच असते. अभिमत विद्यापीठ हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम ३ अन्वये केंद्र सरकारने त्या दर्जास चढवलेले असते. १९३६ मध्ये स्थापन झालेली मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था, किंवा मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून १९३३ मध्ये सुरू होऊन २००८ मध्ये स्वतंत्र दर्जा पावलेली माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था ही या वर्गात मोडतात. खाजगी विद्यापीठ राज्याच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्याने जन्मास येते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने तर यांतील अनेक अवस्था अनुभवल्या: १८५४ मधील एका लहानशा वर्गापासून निघून ते संलग्न, मग स्वायत्त आणि २०२२ मध्ये स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले. या सर्व दर्जांत कोणता श्रेष्ठ असे सरसकट म्हणता येणार नाही. ज्या स्वायत्ततेमुळे एखादे चांगले महाविद्यालय आपला अभ्यासक्रम दर दोनतीन वर्षांनी ताजा करते तीच स्वायत्तता दुसऱ्या एखाद्या ठिकाणी प्रश्नपत्रिका सोप्या करण्याचे साधन होऊ शकते. एक गोष्ट मात्र निरपवाद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या त्याच कायद्याच्या कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. इतर कोणी दिलेला कागद कितीही जाड आणि सोनेरी असला तरी ती पदवी नव्हे. आयोग बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करतो. अर्जाबरोबर पैसे भरण्यापूर्वी ती यादी आणि मान्यताप्राप्त संस्थांची यादी, दोन्ही डोळ्यांखालून घालावयास दहा मिनिटे पुरतात. व्यावसायिक शिक्षणात याच्या जोडीला त्या त्या परिषदेची मान्यताही पाहावी लागते: औषधनिर्माणशास्त्राला फार्मसी कौन्सिलची, वास्तुकलेला कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची, कायद्याला बार कौन्सिलची. ती नसेल तर पदवी हातात असूनही सनद मिळत नाही.

येथवर संस्थेविषयी झाले. पण माझ्या मते संस्थेचा विचार दुसरा आहे. पहिला विचार विषयाचा. आणि विषयाच्या बाबतीत आपल्याकडे होणारी गफलत अशी की विषय त्याच्या नावावरून निवडला जातो. माणसांचे ऐकून घ्यायला आवडते, मैत्रिणी आपली दुःखे हिलाच सांगतात, म्हणून मानसशास्त्र घेणारी मुलगी दुसऱ्या वर्षी प्रमाण विचलन आणि सहसंबंध गुणक यांच्या गणितापाशी येऊन थबकते, कारण मानसशास्त्राचा अर्धा पाया संख्याशास्त्र आहे आणि उरलेल्यात मेंदूच्या रचनेचा मोठा भाग आहे, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. संगणकावर खेळ खेळण्याची आवड आणि संगणकशास्त्राची आवड यांचा संबंध असेलच असे नाही. त्या शास्त्रात शिरणाऱ्याला पहिल्या वर्षीच विविक्त गणिताशी सामना करावा लागतो. कृषी पदवीचेही तसेच. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील चार कृषी विद्यापीठांच्या महाविद्यालयांतून हा चार वर्षांचा अभ्यासक्रम चालतो, आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीला बरा पडतो अशी त्याची ख्याती झाल्यामुळे शेतीकडे पाठ असलेली मुलेही तो मागतात. परंतु चौथ्या वर्षी त्यांना कृषिदूत किंवा कृषिकन्या म्हणून कित्येक आठवडे एखाद्या गावी राहावे लागते, बांधावर जाऊन बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवावे लागते, माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यावा हे साठ वर्षांच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागते. ज्याला ते करावेसे वाटते त्याच्यासाठी ती पदवी फार मोलाची आहे. ज्याला वाटत नाही त्याने केवळ सोय म्हणून ती जागा अडवू नये असे मला मनापासून वाटते.

हे टाळण्याचा उपाय खर्चाचा नाही. प्रत्येक विद्यापीठ आपला अभ्यासक्रम संकेतस्थळावर ठेवते. त्यातील पहिल्या वर्षाचा नव्हे, तर शेवटच्या वर्षाचा अभ्यासक्रम उघडावा, कारण पहिल्या वर्षी सर्व विषय एकमेकांसारखे दिसतात आणि विषयाचे खरे रूप शेवटीच उघड होते. त्यात नेमलेल्या एखाद्या पाठ्यपुस्तकाची प्रत जिल्हा ग्रंथालयातून किंवा वरच्या वर्गातील विद्यार्थ्याकडून मागून आणावी आणि सलग आठ दिवस, रोज तासभर, ती वाचावी. सगळे समजणार नाही. समजण्याची अपेक्षाही नाही. आठव्या दिवशी पुस्तक परत करताना आणखी चार दिवस ठेवावे असे वाटते की सुटका झाल्यासारखे वाटते, एवढेच पाहावयाचे. मी ही युक्ती अनेक मुलांना सुचवली आहे, आणि ज्यांनी ती खरोखर केली त्यांतील कोणीही नंतर विषय चुकला अशी तक्रार घेऊन आलेले मला आठवत नाही. अभ्यासक्रमांची नावे हल्ली झपाट्याने बदलतात, व्यवस्थापनाच्या व संगणक उपयोजनाच्या पदव्यांवर २०२४-२५ पासून तंत्रशिक्षण परिषदेचे नियंत्रण आल्यावर तर काही संस्थांनी जुनेच अभ्यासक्रम नव्या नावांनी मांडले. म्हणून नाव वाचून थांबू नये, आतील मजकूर वाचावा, हे अधिकच अगत्याचे झाले आहे.

विषयाची निवड म्हणजे जन्मभराची बेडी, असे भय बाळगण्याचे मात्र कारण नाही. चिंतामणराव देशमुखांनी केंब्रिजच्या जीझस महाविद्यालयातून १९१७ मध्ये जी पदवी घेतली ती निसर्गविज्ञानांची होती आणि त्यांचा आवडीचा विषय वनस्पतिशास्त्र हा होता. १९१८ मध्ये ते आय. सी. एस. परीक्षेत पहिले आले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, स्वातंत्र्यानंतर देशाचे अर्थमंत्री झाले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर १९५६ मध्ये मंत्रिपद सोडल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्षपदाची धुरा त्यांच्याकडे आली. वनस्पतींचे वर्गीकरण करताना लागणारी बारकाव्यांची शिस्त अर्थव्यवहारात त्यांच्या उपयोगी पडली असेल असे मानावयास मला आवडते. पण त्यांच्या चरित्रावरून निर्विवादपणे दिसते ते इतकेच की मनापासून केलेला एका विषयाचा अभ्यास दुसऱ्या विषयाचे दार बंद करीत नाही.

आता अध्यापकाकडे येतो, कारण या सर्व विवेचनात माझा खरा आग्रह तेथे आहे. गोविंद सदाशिव घुर्ये हे मूळचे संस्कृतचे विद्यार्थी. गेडिस मुंबईत आले, त्यांची व्याख्याने घुर्यांनी ऐकली, आणि समाजशास्त्रासाठी शिष्यवृत्ती मिळून ते इंग्लंडला गेले. केंब्रिजहून परतल्यावर १९२४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या त्याच विभागाची सूत्रे हाती घेतली. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झालेल्या इरावती कर्वे पुढील अभ्यासासाठी मुंबईस या घुर्यांकडे गेल्या. तेथे १९२८ मध्ये प्रबंध पूर्ण करून त्या बर्लिनला मानवशास्त्राच्या उच्च अभ्यासासाठी रवाना झाल्या, आणि १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी स्वतः जी परंपरा निर्माण केली तिच्यामुळे पुढील पिढीतील विद्यार्थ्यांना त्यांच्याकडे यावेसे वाटू लागले. जयंत नारळीकरांचे उदाहरण याच जातीचे आहे: काशी हिंदू विद्यापीठातून १९५७ मध्ये बी. एस्सी. होऊन ते केंब्रिजला गेले, गणिताची परीक्षा दिली, आणि संशोधनासाठी फ्रेड हॉइल यांचे मार्गदर्शन पत्करले. विश्वरचनाशास्त्रातील त्यांचे पुढील सारे कार्य त्या गुरुशिष्यसंबंधातून वाढले. बाहेरून पाहणाऱ्याला मुंबई विद्यापीठ, काशी, केंब्रिज ही नावे दिसतात. आत पाहिले तर घुर्ये, गेडिस, हॉइल अशी माणसे दिसतात.

अठरा वर्षांच्या मुलाला इतक्या थोर गुरूचा शोध घेणे शक्य नाही, हे मी जाणतो. पण ज्या महाविद्यालयात तो अर्ज करणार तेथे त्याच्या विषयाला अध्यापक आहे की नाही, हे तरी त्याला पाहता येते, आणि आज हाच प्रश्न सर्वांत निकडीचा झाला आहे. आपल्या राज्यात प्राध्यापकांच्या अनेक मंजूर जागा वर्षानुवर्षे रिक्त आहेत, आणि त्या जागांवरील काम तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते मानधन देऊन, केले जाते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांत अत्यंत विद्वान आणि तळमळीची माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यावर होणारा अन्याय मला फार सलतो. परंतु जो माणूस सकाळी एका तालुक्याला आणि दुपारी दुसऱ्या तालुक्याला तास घेण्यासाठी एस. टी.ने धावतो त्याला तासानंतर विद्यार्थ्याजवळ बसून त्याची शंका फेडण्याइतकी फुरसत कोठून मिळणार? म्हणून विभागात पूर्णवेळ अध्यापक किती आणि विषयाची तुकडी अनुदानित की विनाअनुदानित, हे संकोच न धरता विचारावे. संकेतस्थळावरील छायाचित्रांवर विसंबू नये. कामाच्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमारास, पूर्वसूचना न देता महाविद्यालयात जाऊन यावे: ग्रंथालयात विद्यार्थी बसलेले आहेत का, की कपाटांना कुलपे आहेत, प्रयोगशाळेतील उपकरणांवर हाताळल्याच्या खुणा आहेत की प्लास्टिकची आवरणे अजून तशीच आहेत, व्हरांड्यात एखाद्या अध्यापकाला मुलांनी घेरलेले आहे का. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना चहा पाजून बोलते केले म्हणजे माहितीपुस्तिकेत नसलेले पुष्कळ कळते.

मूल्यांकनाच्या श्रेणी आणि क्रमवाऱ्या निरुपयोगी आहेत असे नव्हे. बंगळुरूच्या नॅक संस्थेचा अहवाल प्रसिद्ध असतो आणि त्यातील मिळालेल्या अक्षरापेक्षा अहवालाचा तपशील वाचावा. केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून निघते. तिच्यात विद्यापीठांना द्यावयाच्या १०० गुणांपैकी ३० संशोधनाला आणि १० लौकिकाला आहेत, आणि पहिल्या पदवीच्या विद्यार्थ्याला या ४० गुणांचा प्रत्यक्ष लाभ थोडाच होतो. एवढे लक्षात ठेवून ती पाहिली तर पुरे.

विषय ठरला, संस्थांची मनाशी यादी झाली, म्हणजे मग व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या बाबतीत सामाईक प्रवेश परीक्षा आणि केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया यांच्या दारात उभे राहावे लागते, आणि येथे दोन गोष्टींचा उलगडा न झाल्यामुळे शहाणीसुरती घरेही गोंधळतात. पहिली गोष्ट पर्सेंटाइल. सीईटीत ९० पर्सेंटाइल म्हणजे शेकडा ९० गुण नव्हेत. त्या सत्रात बसलेल्या दर शंभर उमेदवारांपैकी नव्वदांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षा अनेक सत्रांत, निरनिराळ्या प्रश्नपत्रिकांवर होते, आणि एका सत्राची प्रश्नपत्रिका दुसऱ्याहून अवघड निघू शकते, म्हणून गुणांऐवजी स्थान मोजण्याची ही पद्धत आहे. समजा एका सत्रात एक लाख विद्यार्थी बसले. ९८ पर्सेंटाइलच्या पुढे तेथे सुमारे दोन हजार जण असतील आणि ९९ च्या पुढे सुमारे एक हजार. ५० वरून ५१ वर जातानाही हजारच जण मागे पडतात. पण मध्यभागी उमेदवारांची दाटी असल्याने तेथे एकदोन गुणांत हजार जण ओलांडता येतात, आणि शिखराकडे गर्दी विरळ असल्याने तेवढ्याच जणांना मागे टाकण्यास कितीतरी अधिक गुण लागतात. गेल्या वर्षीचा कट-ऑफ वाचताना हे ध्यानात असावे. तो आकडा त्या जागेची किंमत नव्हे. गेल्या वर्षी त्या जागेवर सर्वांत शेवटी प्रवेश मिळालेल्या उमेदवाराचे स्थान तो सांगतो, आणि दर वर्षी तो थोडाफार सरकतो.

दुसरी गोष्ट पसंतीक्रम, म्हणजे ऑप्शन फॉर्म. कोणती संस्था वर लिहावी आणि कोणती खाली, यावर सायबर कॅफेत रात्री जागवल्या जातात, पैसे घेऊन क्रम लावून देणारे सल्लागारही उपजले आहेत, आणि “अशक्य जागा वर लिहिली तर शक्य असलेलीही हातची जाते” अशी एक समजूत सर्वत्र रूढ आहे. ती चुकीची आहे, आणि ती का चुकीची आहे हे गणिताने सिद्ध झालेले आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपले या दोन गणितज्ञांनी १९६२ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली या नियतकालिकात महाविद्यालयीन प्रवेशांवर काही पानांचा एक निबंध लिहिला. त्यांची रीत अशी: प्रत्येक विद्यार्थी प्रथम आपल्या पहिल्या पसंतीच्या दाराशी जातो, महाविद्यालय आपल्या जागांइतके, गुणानुक्रमे वरचे विद्यार्थी तात्पुरते ठेवून घेते आणि बाकीच्यांना परतवते, परतलेले आपापल्या दुसऱ्या पसंतीकडे जातात, आणि तेथे जर ते आधी ठेवून घेतलेल्यांपेक्षा गुणानुक्रमे वरचे असतील तर त्यांना आत घेऊन आधीच्यांपैकी शेवटच्याला बाहेर काढले जाते. असे करता करता परतवावयाचा कोणी उरला नाही म्हणजे तात्पुरते प्रवेश कायम होतात. या रीतीत कोणीही विद्यार्थी आपल्या मनातला क्रम लपवून अधिक चांगली जागा मिळवू शकत नाही. सर्व महाविद्यालये एकच गुणवत्ता यादी मानत असतील तर हिशेब आणखी सोपा होतो: यादीतील पहिल्याला त्याची पहिली पसंती द्यावी, दुसऱ्याला उरलेल्यांतील त्याची सर्वांत वरची, आणि असेच शेवटपर्यंत. आपल्याकडे आरक्षणामुळे जागांचे अनेक कप्पे पडतात व फेऱ्याही अनेक होतात. तथापि फेरीच्या आतील तत्त्व हेच. शॅपले यांना, ॲल्विन रॉथ यांच्यासह, २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गेल २००८ मध्येच निवर्तले होते.

याचा व्यवहारातील अर्थ असा की जागा ज्या क्रमाने हव्या असतील त्याच क्रमाने पसंतीक्रम लिहावा. एखादी जागा मिळणे दुरापास्त वाटत असली तरी ती हवीशी असेल तर वर लिहावी. तिने काही बिघडत नाही, ती न मिळाल्यास यंत्र पुढच्या पसंतीकडे वळते. जेथे जाण्याची मुळीच तयारी नाही ते नाव मात्र खालीदेखील लिहू नये. आणि एक सावधगिरी. पहिली पसंती मिळाल्यास ती स्वीकारणे बंधनकारक असते आणि पुढील फेऱ्यांचे दार बंद होते, तसेच कितव्या पसंतीपर्यंत हे बंधन लागू करावयाचे याचे नियम फेरीगणिक आणि वर्षागणिक बदलतात. यास्तव त्या वर्षीचे नियमपुस्तक स्वतः वाचावे, गेल्या वर्षी प्रवेश घेतलेल्या चुलतभावाच्या आठवणीवर भिस्त ठेवू नये. शेजाऱ्यांना सांगायला बरे म्हणून पहिल्या क्रमांकावर लिहिलेली जागा मिळाली आणि मनातली दुसऱ्या क्रमांकावर राहून गेली, असे रडवेले झालेले मूल मी माझ्या समोर बसलेले पाहिले आहे.

राहता राहिली कागदपत्रे आणि पैसा, आणि पुष्कळ घरांत सारा निर्णय येथेच येऊन अडतो. अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला व त्याची पडताळणी समितीकडील वैधता, नॉन-क्रीमी लेयरचे प्रमाणपत्र: हे सर्व तहसील कचेरीच्या आणि समितीच्या वेगाने मिळते, प्रवेशफेरीच्या वेगाने नव्हे. जातवैधतेचा अर्ज अकरावीतच द्यावा. नॉन-क्रीमी लेयरचे प्रमाणपत्र प्रवेशाच्या वर्षानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध असल्याची तारीख त्यावर छापलेली आहे की नाही, हे हाती पडताक्षणी पाहावे. तेवढ्या एका तारखेपायी राखीव प्रवर्गातील हक्क गमावून खुल्या प्रवर्गात गणले जाण्याची पाळी येते.

शुल्काच्या बाबतीत मुलींना आता मोठा आधार झाला आहे. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाप्रमाणे, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल घटकांतील, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गातील आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास, शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ होते. संस्थेच्या कोट्यातून घेतलेल्या जागेला ही माफी नाही. म्हणून केवळ शहर मोठे म्हणून कोट्यातील जागा घेण्यापूर्वी हिशेब मांडून पाहावा. आणि ही माफी खोलीभाड्याची व खानावळीची नव्हे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करून दिली, ती शाळा-महाविद्यालये गावात असूनही खेड्यातील मूल राहण्याची सोय नसल्यामुळे त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही हे त्यांनी ओळखले होते म्हणून. आणि तो अडसर आजही तितकाच खरा आहे. सरकारी वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या अर्जाहून निराळा असतो, त्याची मुदत निराळी असते, आणि महाविद्यालयात नाव दाखल झाले म्हणजे खाट मिळालीच असे होत नाही. पुण्याच्या विद्यापीठात आणि इतरत्रही चालणारी कमवा व शिका योजना खानावळीचा काही भार उचलते. तिच्या जागा मर्यादित असतात आणि नोंदणी वर्षारंभीच होते. तेव्हा ज्या दिवशी महाविद्यालय पाहावयास जावे त्याच दिवशी वसतिगृहाच्या अधीक्षकांनाही भेटून खाटा किती, अर्ज कोठे करावयाचा आणि शेवटची तारीख कोणती, हे वहीत लिहून आणावे.